मालकाच्या गैरहजेरीत

रविवारी दुकान बंद असतं, तरी नानानं शटर कमरेइतकं वर ठेवलं होतं. वकीलबाई येणार होत्या, आणि कुलपांच्या दुकानाबाहेर वकिलाला दार वाजवत उभं करणं त्याला बरं दिसेना. परिणाम असा झाला की येणाऱ्या प्रत्येकाला वाकून यावं लागलं. धाकटा भाऊ, म्हणजे भुंग्याचा काका, आधी डोकं, मग बॅग, मग पोट अशा क्रमानं आत आला. आत्या वाकली नाही. तिनं शटर वर ढकललं, आत आली आणि होतं तिथं परत खाली ओढलं. बायकांच्या तुरुंगाची अधीक्षक म्हणून ती निवृत्त झाली होती, आणि दारांशी वागायची तिची एक पद्धत होती.

महत्त्वाचं बोलणं या घरात दुकानातच व्हायचं. वर माडीवर बोललं की ते भांडण धरलं जाई.

विषय भुंग्याचा होता. भुंगा म्हणजे नानाचा एकुलता एक. लहानपणी त्यानं घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूला भोक पाडून पलीकडे काय आहे ते बघितलं होतं, म्हणून ते नाव. वय वाढलं, मिशी आली, लाकूड सुटलं आणि संगणक आला. गेल्या हिवाळ्यात त्यानं समुद्रापलीकडच्या एका देशाच्या पेन्शन खात्याचे संगणक उघडले. का, तर उघडतात का ते बघायला. उघडले.

आतून त्यानं काही घेतलं नाही, काही बदललं नाही. फक्त दुकानाची रीत पाळली. नानाच्या वडिलांपासूनची रीत अशी, की कुणाचं अडकलेलं कुलूप उघडून दिलं की दाराला एक कार्ड अडकवून यायचं: ‘हे कुलूप आम्ही उघडले. कमजोर आहे, बदलून घ्यावे.’ खाली दुकानाचा फोन नंबर. भुंग्यानं हा मजकूर त्या खात्याच्या पडद्यावर ठेवला. फोन नंबरासकट.

पुढे तपासाला फार हुशारी लागली नाही. तिकडच्यांनी इकडच्या पोलिसांना कळवलं, इकडच्यांनी त्या नंबरावर फोन लावला, आणि तो नानानं उचलला. “तुमच्या कार्डावरून बोलतोय. हे तुमचंच काम का?” असं पलीकडून विचारल्यावर नाना छाती फुगवून म्हणाला होता, “हो, आमचंच. किती कुलपं आहेत? जास्त असली तर भाव थोडा कमी करू.” हे संभाषण आता पुराव्यात होतं. कोर्टात ते दोनदा ऐकवण्यात आलं होतं. दुसऱ्यांदा न्यायाधीशांच्या विनंतीवरून.

“दादा, एक गोष्ट पक्की,” काका स्टुलावर बसत म्हणाला. तो विमा विकायचा, त्यामुळे कुठल्याही संकटात त्याला बारीक अक्षरातली सुटका दिसायची. “गुन्हा कबूल करायचा नाही. यांचा पासवर्ड काय होता? खात्याचं नाव, पुढे एक-दोन-तीन! याला काय कुलूप म्हणतात? ही तर नुसती कडी.”

“कडी असली तरी दार दुसऱ्याचंच असतं,” आत्या म्हणाली.

“ताई, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?”

“मी अजून चहा घेतला नाही. त्यामुळे सध्या कुणाच्याच नाही.”

भुंग्याची आई चहा गाळत होती, तिनं पहिला कप नणंदेपुढे सरकवला. त्यात मतलब नव्हताच असं म्हणता येणार नाही. भुंगा स्वतः कोपऱ्यात, चाव्या घासायच्या मशीनशेजारी बसून मशीनवरच्या फडक्याची घडी घालत होता, मोडत होता. ज्याच्यावरून एवढं रामायण चाललंय तो माणूस कोण, असा चेहरा.

तेवढ्यात शटरवर ठण्ण आवाज झाला आणि पाठोपाठ वकीलबाई आत आल्या. तरुण, सडपातळ, खांद्याला त्यांच्याहून जड पिशवी.

“बरं झालं हेल्मेट काढलं नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि काढलं. “सगळे आहात ना? मग सरळ सांगते. उद्या सकाळी सरकारी वकिलांना उत्तर द्यायचंय. रस्ते दोन. एक, आम्ही काही केलंच नाही म्हणून भांडायचं. जिंकलो तर भुंगा मोकळा.”

“हे बघा!” काका म्हणाला.

“हरलो तर विमान. तो देश त्याला मागतोच आहे.”

नानानं गल्ल्यावरची पावतीवही उघडली आणि मिटली.

“आणि दुसरा?” भुंग्याच्या आईनं विचारलं.

“इथल्या कोर्टात गुन्हा कबूल करायचा. सरकारी वकील मग खटला इथंच चालवतील. एकदा इथं शिक्षा झाली की त्याच गुन्ह्यासाठी तिकडे देता येत नाही. प्रत्यार्पणाचा विषय संपला.”

“शिक्षेत फरक किती पडतो?” आत्यानं विचारलं. भाजीचा भाव विचारावा तसं.

“तिकडे प्रत्येक संगणकाचा वेगळा गुन्हा धरतात आणि शिक्षा एकापुढे एक लावतात. आगगाडीच्या डब्यांसारख्या. हा उघडत गेला तेवढे डबे. सुटेल तेव्हा साधारण तुमच्या वयाचा असेल.”

“माझं वय काही वाईट नाही,” आत्या म्हणाली. “पण इथवर यायचा रस्ता तरी बरा असावा. इकडे?”

“इकडे सगळं मिळून एकच. काही महिने. न्यायाधीशांची दाढ दुखत असली तर वर्ष.”

एवढा फरक ऐकल्यावर खरं तर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण हे कुटुंब होतं.

“आणि पोराचं लायसन्स?” नाना म्हणाला.

वकीलबाईंनी पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. “गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला कुलूपवाल्याचं लायसन्स मिळत नाही. पुढेही नाही.”

नाना भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर बिनघासलेल्या चाव्या जातवार टांगलेल्या होत्या, लहानीपासून मोठीपर्यंत. त्याच्या वडिलांनी खिळे मारले होते, त्यानं चाव्या बदलल्या होत्या, आणि पुढच्या चाव्या कोण टांगणार हा प्रश्न त्याला आजवर कधी पडला नव्हता.

“बघा!” काका पुढे सरकला. “म्हणून म्हणतो, भांडायचं. कुणाचं काय नुकसान झालं? पोरानं कशाला हातसुद्धा लावला नाही.”

“झालं का हो काही नुकसान?” आत्यानं वकीलबाईंना विचारलं.

“त्यानं कशाला हात लावला नाही, हे त्यांना कसं कळणार? ते बघायला त्यांनी सगळं खातं बंद ठेवलं. त्या महिन्याची पेन्शन थकली. थंडी होती. म्हातारी माणसं चौकशीला रांगा लावून उभी होती. काहींनी घर गरम ठेवायचं बंद केलं. एकदोघांना दवाखान्यात न्यावं लागलं, असं त्यांच्या अर्जात आहे. ते मला खोटं वाटत नाही.”

आत्यानं कप खाली ठेवला. दुकानात एकदम थंडी आल्यासारखं झालं.

“भुंग्या,” ती म्हणाली, “माझी पेन्शन दोन दिवस उशिरा आली तर मी काय करते?”

“बँकेत जाऊन बसतेस,” भुंगा पुटपुटला.

“बसते, आणि मॅनेजरला सुचेनासं करते. कारण माझी बँक बसनं दोन स्टॉप आहे. त्या लोकांचा मॅनेजर या मशीनशेजारी बसून फडक्याची घडी घालत होता.”

भुंग्यानं फडकं खाली ठेवलं.

“ताई, तू घरची ना?” काका कळवळून म्हणाला.

“घरचीच आहे. आणि पेन्शनरही आहे. शिक्षा ही व्हायलाच पाहिजे.”

भुंग्याच्या आईनं आत्यापुढची बिस्किटांची बशी उचलून काकापुढे ठेवली. बाजू बदलल्याची नोंद त्या घरात अशी व्हायची.

“मग पाठवा त्याला तिकडे!” ती म्हणाली. “द्या काखोटीला मारून!”

“अजिबात नाही,” आत्या शांतपणे म्हणाली. “तिकडे पाठवायला मी जिवंत असेपर्यंत तरी विरोध करीन. वहिनी, तुरुंगात माणूस शिक्षेनं मोडत नाही. भेटीला कुणी येत नाही, म्हणून मोडतो. माझ्याकडे एक होती, परदेशातली. भेटीच्या दिवशी सकाळी केस विंचरून बाकावर बसायची. तिला माहीत होतं, कुणी यायचं नाही. भाडं कुणाला परवडणार? तरी बसायची. न्यायाधीशानं तिला तुरुंग दिला होता. तो रिकामा बाक त्यानं दिला नव्हता. तो आपोआप बरोबर आला.”

बशी काकापुढून उठली आणि दोघांच्या मध्ये येऊन थांबली.

“आणि तू रे,” आत्या काकाकडे वळली, “तुला शिंप्याचं कपाट आठवतं का?”

“ते आत्ता कशाला?”

“वकीलबाईंना कळायला. आमच्या या भावानं पैज मारून शेजारच्या शिंप्याचं कपाट उघडलं. शिंपी गावाला गेलेला.”

“मी लहान होतो तेव्हा!”

“मिशी होती तुला. शिंपी परत आला आणि म्हणाला, पोराला माझ्या ताब्यात द्या, मी बघतो. हातात कात्री होती. आमचे अण्णा, म्हणजे वडील, म्हणाले, देणार नाही. माझ्या हत्यारानं झालंय, शिक्षा माझ्या दुकानात होईल. पण तुमच्या डोळ्यांदेखत होईल, आणि तुमचं समाधान झालं नाही तर परत होईल.”

“काय शिक्षा केली?” वकीलबाईंनी कुतूहलानं विचारलं.

“शिंप्याच्या आईसमोर उभं राहून, काय केलं ते तोंडानं सांगायचं. मग त्यांच्या घरातलं प्रत्येक कुलूप फुकट नवं करून द्यायचं. आणि हत्याराला पावसाळाभर हात लावायचा नाही. म्हातारीपुढे याच्या तोंडून शब्द फुटेना. तीन दिवस रोज जाऊन यायचा.”

“म्हणून मी विम्यात गेलो,” काका पडेल आवाजात म्हणाला. त्याला स्वतःलाच हे नव्यानं कळल्यासारखं दिसलं.

आता बोलला तो भुंगा. “नाना, आपण भांडू. काका म्हणतो तसं. हरलो तर मी जाईन. पण जिंकलो तर लायसन्स मिळेल. तुमचं दुकान...” तो थांबला.

नानानं मुलाकडे नीट बघितलं. पोरगं घाबरलं होतं. हात मांड्यांखाली दाबून बसलं होतं. आणि तरी बापाच्या खिळ्यांसाठी विमानात बसायला तयार होतं. नानाला एकाच वेळी त्याला जवळ घ्यावंसं आणि एक ठेवून द्यावीशी वाटली. दोन्ही न करता तो म्हणाला,

“भुंग्या, कुलूप कधी उघडायचं?”

“मालक समोर उभा असेल तेव्हा.”

“तिथं मालक उभा होता?”

“नव्हता.”

“मग ते काय झालं?”

भुंग्यानं काकाकडे बघितलं. काकानं बिस्किटाकडे बघितलं.

“चुकलं,” भुंगा म्हणाला. मग जरा थांबून, “गुन्हा झाला.”

“हेच उद्या बोलायचंय,” वकीलबाई हळूच म्हणाल्या. “याच क्रमानं बोललास तर उत्तम.”

“पण लायसन्स...” भुंगा म्हणाला.

“अरे, काय मेलं लायसन्स, लायसन्स!” त्याची आई एकदम उसळली. “तुला चावी घासता येते का?”

भुंग्यानं शेजारच्या मशीनकडे बघितलं.

“तुझ्या हातची चावी घेऊन गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं,” ती म्हणाली. एकदा तोंड उघडलं होतं, आता मागे घेण्यात अर्थ नव्हता. “म्हणून मी रोज संध्याकाळी तू घासलेल्या पुन्हा घासून ठेवते. गेली कित्येक वर्षं.”

“तूही?” नानाच्या तोंडून निघून गेलं.

“तूही म्हणजे?”

“मी सकाळी घासतो,” नाना म्हणाला. “तू उठायच्या आत. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“अहो, म्हणजे मी घासलेली तुम्ही परत घासत होतात? तरीच त्या दाताच्या डॉक्टरांची चावी लागेना!”

भुंगा एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होता. “म्हणजे माझी एकही चावी कधी लागली नाही?”

“लागली की एक,” आत्या म्हणाली. “पेन्शन खात्याची.”

पहिल्यांदा हसला तो काका. मग वकीलबाईंनी ओठ दाबून धरायचा प्रयत्न केला आणि तो फसला. नानालाही हसू आलं, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं. जो पोरगा कुलूपवाला कधी होणारच नव्हता, त्याच्या लायसन्सपायी आपण त्याला समुद्रापार धाडायला निघालो होतो. एवढं सरळ होतं. खिळे भिंतीला होते, ते भिंतीलाच राहणार होते.

“वकीलबाई,” तो म्हणाला, “आम्ही कबूल करतो.”

“तुम्ही नाही हो. तो.”

“तोच. मी तर फोनवर कधीच केलंय.”

कबुलीचा खटला लांबत नाही. कोर्टाच्या भिंतीवरच्या पडद्यावर पेन्शन खात्याची अधिकारी दिसत होती: लोकरीचा स्वेटर, थकलेले डोळे, मागे फायलींची कपाटं. तिच्या देशात पहाट होती. न्यायाधीशांनी तिला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? दुभाष्या तिचं बोलणं एकसुरी सांगत गेला. तिनं सांगितलं, की खरं तर आरोपी आम्हाला तिकडे हवा होता. आमच्या लोकांनी त्याला बघायला हवं होतं. मग ती भुंग्याकडे बघून म्हणाली, त्या रांगेत माझे वडील होते.

भुंगा आजवर न्यायाधीशांसमोर ताठ उभा असायचा. वकीलबाईंनी तसं शिकवलं होतं. त्या एका वाक्यानं त्याची मान खाली गेली, आणि ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

“कसे आहेत ते?” त्यानं विचारलं. हे वकीलबाईंच्या कागदात नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुभाष्यानं विचारलं. ती बाई पडद्याच्या जवळ सरकली. “बरे आहेत,” दुभाष्या म्हणाला. “रागावलेत. पण बरे आहेत.”

भुंगा मग बराच वेळ तिच्याशी बोलला. कुठून शिरला, कसा शिरला, कुठलं दार अजून सैल आहे, सगळं. ती लिहून घेत होती. न्यायाधीशांनी मध्ये बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी त्यांनी पाच महिने दिले, आणि सुटल्यावर वर्षभर त्या खात्याला लागेल ती माहिती इथं बसून, फुकट द्यायची असं बजावलं. तुमचं समाधान झालं का, असं त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं. कायद्यात तसं विचारायची काही गरज नव्हती.

“पुरेसं,” दुभाष्या म्हणाला. थोड्याच दिवसांत त्या देशानं आपली मागणी परत घेतली.

भुंगा आत जायच्या आदल्या दिवशी आत्यानं त्याची पिशवी स्वतः भरली. भरली म्हणजे आईनं भरलेली रिकामी केली. मग तिनं मोठ्यांना समोर बसवून नियम सांगितले: “भेटीला जाताना रडायचं नाही. उपदेश करायचा नाही. खटल्याचं बोलायचं नाही. गल्लीतलं सांगायचं.”

“गल्लीत काय घडतंय?” नानानं विचारलं.

“काही घडत नसेल तर घडवायचं.”

पहिल्या भेटीला नाना आणि भुंग्याची आई दोघंच गेली. भुंगा बाकावर आधीच येऊन बसला होता. जरा वाळला होता. त्याला धोबीखान्यात काम दिलं होतं, आणि चादरींची घडी घालायची त्याची एक स्वतंत्र पद्धत असल्यामुळे तिथला मुकादम त्याच्यावर वैतागलेला होता. नानानं समोरच्या बेकरीवाल्यानं दुकानाला जांभळा रंग दिल्याचं सांगितलं. आईनं काकाची बातमी दिली: त्यानं पेन्शनरांसाठी नवा विमा काढलाय आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून ताईंना गाठलं, पण ताईंनी त्याला तीन तास बसवून प्रत्येक कलम वाचायला लावलं. भुंगा खो-खो हसला, इतका की दारावरच्या शिपायानं वळून बघितलं.

“जांभळा?” तो मध्येच म्हणाला. “खरंच जांभळा?”

“सुटलास की बघ,” आई म्हणाली.

“उन्हाळ्यापर्यंत उतरेल तो,” नाना म्हणाला. “रंग हलका आहे.”

घंटा झाली. नानाला वाटलं होतं, त्या घंटेला आपण कोसळू. पण भुंगा “पुढच्या वेळी जाड मोजे आणा” असं म्हणाला, आणि पुढची वेळ इतकी जवळ होती, की मोज्यांचा रंग कोणता याच्यावरच नवराबायकोचं स्टॉपवर येईपर्यंत वाजलं.

परतीच्या बसमध्ये खिडकी नानाला मिळाली. भेटीला गेलेली आणखी काही माणसं होती. कुणाच्या मांडीवर रिकामे डबे, कुणाच्या हातात वाचून झालेलं वर्तमानपत्र. ऊन तिरपं येत होतं. नानानं मोज्यांबद्दल आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि सांगता सांगताच त्याची मान बायकोच्या खांद्यावर कलली. भुंग्याला पकडल्यापासून तो असा झोपला नव्हता.

त्यांचा स्टॉप आला. कंडक्टरनं दोनदा पुकारा केला आणि तिच्याकडे बघितलं. ती नुसती मान हलवून नको म्हणाली. पुढचा स्टॉपही गेला. मग तिनं पर्समधून आणखी दोन तिकिटांची मोड काढली, आवाज होऊ न देता, आणि शेवटच्या स्टॉपपर्यंतची तिकिटं मागितली.